चार फुटांचं जोतं

मामा,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला आरूला चौघांनी उचलून हॉलमध्ये नेलं. चाकांच्या खुर्चीसकट. दोघं पुढून, दोघं मागून, आणि नुसतं "सांभाळून रे, सांभाळून" म्हणणारे सात-आठ जण बाजूला. तुझी नात नऊ वर्षांची आहे, सगळं कळतं तिला. तिनं मान एका बाजूला वळवली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ज्या हॉलचा पहिला दगड तू तिच्या हातून ठेवून घेतलास, त्याच हॉलमध्ये तिला एखादा फ्रिज चढवावा तसं चढवलं. वर ठेवल्यावर एकानं तिच्या गालाला हात लावून विचारलं, मजा आली ना?

कुणाचं काही चुकलं नाही, हाच तर वैताग आहे. सगळे प्रेमानं करत होते. रागावायचं तरी कुणावर? म्हणून तुझ्यावर रागावतेय. तू आता उठून जाऊ शकत नाहीस.

वंदना झाली, जेवणाआधी बोलणी झाली, आणि मग जाहीर झालं की आता शिकलेली भाची दोन शब्द बोलेल. आपल्यात हे असंच. घरात जो पहिला पदवी घेतो त्यानं जन्मभर माइक धरायचा. मी धरला. सांगितलं की कशेळीपासून पडघ्यापर्यंत तुझ्या हातची किती गोदामं उभी आहेत ते तुलाही मोजता आलं नसतं. सांगितलं की कॉलेजच्या पहिल्या दिवशी तू मला स्कूटरवरून सोडलंस आणि गेटवरच्या वॉचमनला, त्यानं काही विचारलं नसताना, म्हणालास, "आमची भाची हाय. इंजिनेर व्हायला आलीय." लोक हसले. मामीनं पदर तोंडाला लावला. सगळं खरं होतं. पण जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही आणि माइक खाली ठेवला.

ते आता लिहिते. पण आधी भांडण पुरं करू दे.

सुरुवात तूच केलीस. आरूच्या वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस होता, कल्याणला एका मॉलमध्ये, वरच्या मजल्यावरच्या खेळघरात. तू तिला घेऊन गेलास. खुर्ची आत चालणार नाही, असं तिथल्या माणसानं सांगितलं, आणि तिला काही झालं तर जबाबदारी कोणाची, असंही विचारलं. पोरांनी बूट काढले आणि आरू बसलेलीच आहे म्हणून तिच्याकडे दिले. दुपारी तुझा फोन आला. मी ऑफिसात होते. तू नेहमीसारखा ओरडून बोलत नव्हतास. "बाय, तिच्या मांडीवर सगळ्यांचे बूट," एवढंच म्हणालास. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणालास, "आपुन आपलं बांधू. तू कागद काढ, मी भिंती काढतो."

शेत तुझं होतंच. तिन्ही बाजूंनी गोदामं उठली तरी तू ते सोडलं नव्हतंस. लोक म्हणायचे, मिस्त्री दुसऱ्यांच्या जमिनीवर गोदामं बांधतो आणि स्वतःच्या जमिनीत भेंडी लावतो. तू हसायचास. आता त्याच शेताच्या एका कोपऱ्यात पोरांसाठी बंद छपराचं खेळघर, म्हणजे हाच हॉल, बांधायचं ठरलं. पावसात, उन्हात, कधीही खेळता यावं असं. आजूबाजूच्या शेतांतली पोरं, गोदामांत कामाला येणाऱ्यांची पोरं, आणि त्यात आरू. तिच्यासाठी वेगळा कोपरा ठेवायचा नाही, सगळ्यांच्या मध्ये ती, ही माझी पहिली अट. नवं सामान शक्यतो आणायचं नाही, ही दुसरी. माझ्या फर्ममध्ये मी चार वर्षं दुसऱ्यांच्या नकाशांवर रेघा मारत होते. हे माझ्या सहीचं पहिलं काम.

खरं सांगू, त्या पाच-सहा महिन्यांइतकी मी कधी कुणाशी भांडले नाही आणि कधी इतकी खूश नव्हते.

मोडलेल्या गोदामाच्या लोखंडी कैच्या, छपराचे तिकोनी सांगाडे, तू आणल्यास. छप्पर त्यांच्यावरच बसलं. माल रचायची टाकून दिलेली लाकडी पॅलेटं आणलीस, त्यांना घासून, खिळे काढून, चढायच्या भिंती केल्यास. नारपोलीच्या कारखान्यांतल्या चिंध्या गोळा करून मामीनं गाद्या आणि चेंडू शिवले. पत्र्याला चुना मारला, पश्चिमेच्या भिंतीवर घोसाळ्याचे वेल चढवले, वरून उजेडाचे पत्रे टाकले, म्हणजे दिवसा दिवा लावायची गरज नाही. उन्हाची धग अडवायला पत्र्याखाली पेंढा भरायचा तुझा हट्ट होता. मी म्हणाले, एक ठिणगी पुरे. तू म्हणालास, तुझा आजा पेंढ्याखालीच वाढला. मी म्हणाले, आजोबांकडे वेल्डिंग मशीन नव्हतं. त्यावर तू हरलास, पण कबूल केलं नाहीस, "बघू" म्हणालास. तुझं "बघू" म्हणजे हरणं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मॉलमधल्यासारख्या प्लॅस्टिकच्या चेंडूंच्या टाकीऐवजी चिंचोक्यांची टाकी तुझी कल्पना. मी आधी नको म्हणाले, मग एक दिवस स्वतःच त्यात पाय घालून बसले. टाकीचा काठ खुर्चीच्या उंचीला ठेवला, म्हणजे आरूला खुर्चीतून सरकून आत जाता येईल. आवाजानं बावरणाऱ्या पोरांसाठी मी एक छोटी, मंद उजेडाची, मऊ भिंतींची खोली काढली होती. नकाशावर तिला मोठं नाव दिलं होतं. तू विचारलंस, हे काय? मी दहा मिनिटं समजावलं. तू म्हणालास, "म्हंजे रुसायची खोली." तेच नाव राहिलं. आता सगळे तेच म्हणतात.

पण हे सगळं नंतरचं. आधी जोतं.

मी ऑफिसच्या कामासाठी दहा दिवस नाशिकला होते. जाताना नकाशाचा कागद तुझ्या हातात देऊन गेले. परत आले त्या रविवारी पडघ्याच्या नाक्यावर उतरले, रिक्षानं शेताकडे वळले आणि लांबून मला वाटलं, शेजाऱ्यांचं आणखी एक गोदाम उठतंय. जवळ गेले तर ते आपलं होतं. तू जोत्यावर उभा, कमरेवर हात, डोक्याला टॉवेल. मला वर बघायला मान उचलावी लागली.

"ये बाय. बघ लेवल. सुतात हाय, इकडचं तिकडं न्हाय."

मी विचारलं, उंची किती घेतलीस?

"चार फूट. कुठलीबी गाडी मागं लाव, बरोबर टेकंल."

मामा, मला तेव्हा हसू यायला हवं होतं. तीस वर्षं तू गोदामं बांधलीस. गोदामाचं जोतं म्हणजे ट्रकच्या पाठीएवढं, हे तुझ्या हाताला पाठ होतं. डोक्याला विचारायची त्याला गरजच नव्हती. माझ्या मनात दीड फूट होतं. विहिरीच्या कडेला जुन्या पुराच्या पाण्याची खूण आहे, तिच्या वर जेमतेम, आणि अठरा फुटांचा उतार, खुर्ची सहज वर. आणि तू लहान पोरांच्या खेळघराला मालाच्या गाड्या लावायची सोय करून ठेवली होतीस.

मी हसले नाही. मी म्हणाले, इथं कोणता माल उतरायचाय मामा? सगळे कामगार थांबले. तू काहीतरी पुटपुटलास, पाणी येतं म्हणालास, मी पुढं बोलतच गेले. आणि मग म्हणाले, "कागद दिला होता ना हातात? वाचता येत नसेल तर विचारायचं तरी."

चौथी शिकलेल्या माणसाला. ज्यानं मोबाइलच्या पडद्यावर माझा पदवीच्या झग्यातला फोटो लावला होता, त्याला. त्या फोटोवर माझं तोंड कधी दिसायचंच नाही, ॲपची सगळी चित्रं नेमकी त्याच्यावर येऊन बसायची, तरी तू तो बदलला नाहीस.

तू खाली उतरलास. माझ्याकडे न बघता पाण्याच्या पिंपाकडे गेलास, हात धुतलेस. बराच वेळ धुतलेस. मग म्हणालास, "फोडतो उद्या."

मी नको म्हणाले. तेवढा दगड, मुरूम, काँक्रीट फोडून फेकायचं तर मग जुन्या कैच्या कशाला गोळा करायच्या? जे झालं त्याच्याशी जमवून घ्यायचं, असं मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं आणि ठाण्याची बस पकडली.

बसमध्ये मी फाइल उघडली. तुझ्याकडच्या कागदाची दुसरी प्रत. मला तुझी चूक पुन्हा एकदा डोळ्यांनी बघायची होती. भिंतींची जाडी होती, खिडक्यांची उंची होती, चेंडूंच्या टाकीचं मापसुद्धा होतं. जोत्याची उंची कुठंच नव्हती. जमिनीची रेघ होती, वर जोत्याची रेघ होती, आणि मधल्या जागेत काहीच लिहिलं नव्हतं. ते दीड फूट फक्त माझ्या डोक्यात होतं.

म्हणजे मी आकडा दिला नाही, आणि ज्याला आकडा मिळत नाही तो कारागीर हाताला जे माहीत आहे ते बांधतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला ही चूक केली असती तर नापास झाले असते. मी कागद घडी घालून ठेवला. तुला फोन करावा असं वाटलं. केला नाही. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं, त्या रविवारी तू काही घडलंच नाही असा वागलास, मग राहिलं. मग राहतच गेलं. आमच्या पिढीत पहिली शिकलेली असण्याचं हे एक दुखणं आहे. चूक कबूल केली की वाटतं, फक्त मी नाही, आख्खं घर नापास झालं.

आता उताराची गोष्ट. चार फूट चढायचे म्हणजे नियमानं अठ्ठेचाळीस फूट लांब उतार. फुटाला बारा फूट. मी हे सांगितलं तेव्हा तू म्हणालास, एवढ्यात ती पडघ्याला पोचंल. मग गंभीर होऊन म्हणालास, "कशाला येवढं? उचलून घेऊ की. चार मानसं काय कुठंबी हायेत."

यावर आपण किती भांडलो. मी म्हणायचे, तिला उचलून घ्यायचं नाहीये. तू म्हणायचास, आपल्या मानसानं उचललं तर लाज कसली? तुला लहानपनी खांद्यावर घेऊन विहारात न्यायचो, तवा लाज वाटायची का? मी म्हणाले, मी खाली उतर म्हटलं की तू उतरवायचास. तिला तेही म्हणता येत नाही, कारण चौघं दमलेले असतात आणि तिनं आभारच मानायचे असतात. तू तंबाखू मळत बसलास. "बघू," म्हणालास.

आणि उतार बांधायला घेतलास. बाजूच्या भिंतीलगत मागून सुरू, पुढच्या कोपऱ्यापर्यंत दोन फूट चढ, कोपऱ्यावर विसाव्याचा सपाट कट्टा, तिथून वळून पुढच्या भिंतीलगत दारापर्यंत उरलेले दोन फूट. कट्ट्यापर्यंत आणलास, आणि गेलास. कसा गेलास ते सगळ्यांना माहीत आहे, मला ते लिहायचं नाही. मला एवढंच म्हणायचंय की अर्धा उतार ठेवून माणसानं जायचं नसतं. आरू आता रोज कट्ट्यापर्यंत स्वतः जाते, तिथून वर दोन फुटांची भिंत बघते आणि खाली येते. पुण्यानुमोदनाला कट्ट्यापर्यंत ती आपली आपणच गेली होती, आणि तिथूनच तिला चौघांनी उचललं.

त्यानंतरच्या शनिवारी मी काम सुरू करायला गेले. इरफानभाई होते, ज्यांनी तुझ्याबरोबर निम्म्या भिवंडीचं लोखंडकाम केलं, आणि तुझे तिघं कामगार. इरफानभाईंनी विचारलं, मॅडम, आगे का लेवल क्या देने का? म्हणून मी लेवल बघायची पाण्याची नळी आणि टेप घेऊन तू बांधलेला भाग मोजला. दोन फुटांच्या चढाला चोवीस फूट हवे होते. भरले तीस.

मला आधी तुझा रागच आला. मागं एकदा मी विचारलं होतं, लांबी जास्त का वाटतेय, तर तू म्हणालास, कोपरा घ्यायचा होता. मी म्हणाले होते, टेप नीट धर. आता तुझ्या चालीनं पुढचा भाग न्यायचा तर पुढच्या भिंतीलगतही तीस फूट हवेत, आणि दारापर्यंत आहेत चोवीस. मी मामीला म्हणाले, मामानं हे काय करून ठेवलंय?

मामी घोसाळी तोडत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, तुझे मामा संध्याकाळी फळ्या टाकून त्यांच्यावरून आरूच्या खुर्चीत बसून वर चढायचे. तीन दिवस. खुर्ची लहान, हे माणूस एवढं, अडकून बसायचे. आधी तुझ्या नकाशाच्या हिशोबानं लावल्या फळ्या. अर्ध्यात हात भरून आले, खुर्ची मागं आली, पडलेच असते. "म्हनाले, माझ्या हाताला जमंना तं तिच्या हाताला कसं जमंल? मग फळ्या लांब केल्या."

नियमात बसणारा उतार मी दिला होता. नियम कमीत कमी किती ते सांगतो, नऊ वर्षांच्या हातांना किती जमेल ते सांगत नाही. ते तू शोधलंस, आणि मला सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस, मामा? माझा आकडा चुकला असं म्हणायला तुझी जीभ का रेटली नाही? पेंढ्यावरून भांडलास, चिंचोक्यांवरून भांडलास, जिथं खरंच भांडायला हवं होतं तिथं कोपऱ्याचं निमित्त सांगितलंस.

आता दोन वाटा होत्या. उरलेला उतार माझ्या आकड्यानं करायचा, तो दारापाशी नेमका संपतो, एका आठवड्यात काम पुरं. किंवा तुझ्या आकड्यानं करायचा, आणि बसवलेलं शटर चौकटीसकट कापून दार सहा फूट पुढं सरकवायचं. म्हणजे महिना. मी आरूला विचारलं. तिला सगळं समजावलं, फळ्या टाकून दोन्ही दाखवलं. दोन्हींवर ती चढली. माझ्या उतारावर तिसऱ्यांदा चाकं ढकलताना तिचे ओठ आवळले गेले, तरी ती थांबली नाही. वर जाऊन म्हणाली, आत्या, हा पन चालेल.

तिला लवकर आत जायचं होतं. "हा पन चालेल" हे आपल्या घरात आपण किती वेळा म्हटलं असेल. मी म्हणाले, चालेल नको, बरा कुठला ते सांग. तिनं दुसरीकडे बोट दाखवलं.

मग मी नवा नकाशा काढायला बसले. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात बदलांचा एक तक्ता असतो, काय बदललं आणि का, ते त्यात लिहायचं, खाली सही. पहिल्या ओळीत दार सरकवल्याचं लिहिलं. दुसरी ओळ लिहायला वेळ लागला. इरफानभाई चहा घेऊन आले, कागदावर वाकले, म्हणाले, ये नीचे क्या लिखा?

मी सांगितलं. जोत्याची उंची नकाशात नव्हती. गलती मेरी थी, मिस्त्री की नहीं.

त्यांनी चहाचा घोट घेतला. "मालूम है. उसी दिन मेरे पास नक्शा लाया था. बोला, देख इरफान, इसमें हाइट लिखी है क्या? मैंने देखा, नहीं लिखी. तो बोला, ठीक है, चुप बैठ. नयी लड़की है, लेबर के सामने बात जाएगी तो कल से कोई सुनेगा नहीं उसकी."

म्हणजे तू पिंपाकडे हात धूत होतास तेव्हा तुला नसेल माहीत, पण तासाभरात माहीत झालं होतं. मला बसमध्ये माहीत झालं. आणि पुढचे कितीतरी रविवार आपण दोघं एकाच जोत्यावर उभं राहून चिंचोक्यांवरून भांडलो.

मामा, मी तुझे उपकार मानावेत असं सगळ्यांना वाटेल. मानते. माझी लायकी नव्हती एवढं तू सोसलंस. पण राग जात नाही. तुला वाटलं, पोरीची डिग्री एवढी कच्ची आहे की एका चुकीनं फाटेल. नसती फाटली. मी रडले असते, जेवायला थांबले नसते, पुढच्या रविवारी आले असते. तुझ्यासमोर चूक कबूल करायची एक संधी मला हवी होती, आणि तू ती माझ्या भल्यासाठी काढून घेतलीस. आपल्या माणसांचं प्रेम हे असं. चार जण मिळून उचलतात आणि आपण हात मांडीखाली दाबून बसतो.

मी नकाशा भिंतीवर टाचला. कामगारांना बोलावलं. त्या दिवशी जे होते तेच तिघं, आणि इरफानभाई. मामी भाजीची टोपली घेऊन थांबली. मी दुसरी ओळ मोठ्यानं वाचली, मराठीत, मग हिंदीत. जोत्याची उंची मूळ नकाशात दाखवलेली नव्हती. चूक नकाशा काढणारीची. मिस्त्रींचं काम बरोबर. एकानं मान हलवली. मग इरफानभाईंनी चष्मा लावला आणि शटरची चौकट कापायला घेतली.

तू बोलायला हवं होतंस, मामा. तेव्हाच, सगळ्यांसमोर.